गळ्याखालची आई

पनवेलमध्ये गेल्या आठ वर्षांत जिचा म्हणून बॅनर लागला, मग ती नगरसेविका असो, होऊ घातलेली नगरसेविका असो, महिला मंडळाची अध्यक्ष असो, नाहीतर नुसतीच कोणाची तरी लाडकी वहिनी असो, ती गळ्याच्या वर स्वतः असायची आणि गळ्याखाली दीपेश भोपीची आई असायची.

दचकू नका. यात भानामती काही नाही, कॉम्प्युटर आहे.

दीपेशचा विचुंब्याच्या रस्त्याला एक गाळा आहे, ‘गावदेवी आर्ट्स’. बाहेरची पाटी एवढी मोठी की दुकान तिच्यामागे लपलंय. वाढदिवस, हळद, बारसं, दहावं, क्रिकेटची टूर्नामेंट, माणसाच्या घरी काहीही घडलं की पहिला फोन नातेवाइकांना आणि दुसरा दीपेशला. आता आता तर उलटंच. दीपेश एका खुर्चीत बसून माणसं दुरुस्त करतो. काळ्याला उजळ करतो, टकल्याला केस देतो, शुभेच्छुकांची तोंडं गोल कापून पापड वाळत घालावेत तशी खाली ओळीनं मांडतो. त्याच्या कॉम्प्युटरात अख्खा तालुका आहे. कोणाच्या गालावर कुठं तीळ होता आणि तो कोणत्या साली गेला, हे त्याच्याइतकं त्या माणसाच्या बायकोलाही ठाऊक नसेल.

पुरुषांचं सोपं असतं. आपल्याकडच्या बाप्यांचे फोटो डोक्यापासून बुटापर्यंत असतात, गॉगल घालून, दुसऱ्याच्या गाडीला टेकून. बायकांचं तसं नाही. बाईचा फोटो मागितला की पासपोर्ट साइज येतो, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, खांद्यावर जावेचा हात तसाच.

पनवेलची महापालिका झाली आणि तिची पहिली निवडणूक लागली, तेव्हा असंच झालं. एका बाईंना ऐनवेळी तिकीट मिळालं, दोन तासांत बॅनर हवा, आणि फोटो आला तो मानेपर्यंतचा. दीपेश तेव्हा सव्वीसचा. दुकान नवं, अंगात घाई. कॉम्प्युटर चाळता चाळता त्याला बहिणीच्या लग्नातला आईचा फोटो सापडला. हिरवी साडी, जांभळा काठ, दोन्ही हातांत हिरवा चुडा, मांडवाच्या तोंडाशी उभी राहून पाहुण्यांना हात जोडतेय. कुठल्याही उमेदवारानं जोडावेत तसे. दीपेशनं आईची मान कापली, बाईंची बसवली, काठाला थोडा उजेड दिला. बाईंना तो बॅनर एवढा आवडला की ती साडी आपण कुठून घेतली, हे त्या लोकांना सांगत सुटल्या.

आई तेव्हा दुकानातच होती. जनी. कागदावर जनाबाई बळीराम भोपी, पण कागदावर तिला कोण विचारतंय. सकाळी पनवेलच्या मार्केटात वालाच्या शेंगा, मुळा, भेंडी विकायची आणि दुपारी रिकामी टोपली घेऊन मुलाचा डबा द्यायला यायची. मुलगा जेवेपर्यंत स्टुलावर बसून पडद्याकडे बघायची.

‘‘माझी मुंडी कुठं गेली रं?’’

‘‘आहे गं आये. बाजूला ठेवलीय.’’

‘‘ठेव बाबा नीट. घरी जाताना लागंल.’’

आणि हा शहाणा काय करून बसला होता? या धंद्यातला पहिला धडा असा की दुसऱ्याच्या फोटोला हात लावायचा तर आधी त्याची वेगळी नक्कल करून ठेवायची. कॉम्प्युटरात ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणून असतं. दीपेशनं घाईत नुसतं ‘सेव्ह’ दाबलं. मूळ फोटो गेला, त्याच्या जागी बिनडोक्याचा आला. पण हे त्याला कळलं कधी, तर आठ वर्षांनी. आई रोज डबा घेऊन समोर बसत असताना तिचा फोटो उघडून कोण बघतं?

त्या बाई निवडून आल्या. मग काय, त्या अंगाला यश आहे असं सगळीकडे झालं. ‘‘दीपेशशेठ, त्या मॅडमचं केलं तसंच आमच्या हिचं करा.’’ पक्ष बदलला की साडीचा रंग बदलायचा, आतली बाई तीच. एकीला मनगटावरचं गोंदण नको होतं, गावठी दिसतं म्हणाली. दीपेशनं गोंदण पुसलं. दुसरीला नखं मळकट वाटली. नखं धुतली. तिसरीनं हात गोरे करून घेतले. एक तेवढी करंगळी राहिली. जनीच्या उजव्या हाताची करंगळी मधूनच बाहेरच्या अंगाला वाकलेली होती, हात जोडले की ती बाकीच्या बोटांशी कट्टी केल्यासारखी वेगळी उभी राहायची. ती सरळ करायला गेलं की हात प्लॅस्टरातून काढल्यासारखा दिसायचा. राहू दे म्हटलं दीपेशनं, करंगळी कोण बघतंय.

जनीला मात्र या सगळ्याची भारी गंमत. बाकी कोणाला सांगायची नाही. माय-लेकातलं गुपित होतं ते. दुपारी डबा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला.

‘‘आज मी कुठं कुठं उभी हाय?’’

‘‘कळंबोलीत दोन ठिकाणी. एक करंजाड्याला. आणि खांदा कॉलनीत मागचीच आहेस, अजून काढली नाय.’’

‘‘काढायला सांग रं. पाय दुखतात माझं.’’

आणि तोंडात पदर कोंबून हसायची. मार्केटला जाताना रिक्षातून स्वतःला मोजायची. कुठल्यातरी चौकात ‘नारीशक्तीचा बुलंद आवाज’ म्हणून उभी असायची आणि खाली स्वतःच टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायची. एकदा म्हणाली, ‘‘काल त्या वहिनीसाहेबांनी माझ्याकडनं मुळे घेतलं. दहा येळा कमी कर, कमी कर. मनात बोलले, बाई, गळ्याखाली मीच हाय तुझ्या, जरा दमानं घे.’’

एवढी हौस, पण खरा फोटो काढायचा म्हटलं की संपलं. मोबाइल वर झाला की हिचा पदर वर. ‘‘माझं काय काढतंस, पोरांचं काढ.’’ मांडवातला तो एक फोटो निसटला, कारण तेव्हा दोन्ही हात जोडलेले होते. पदर ओढायला हात मोकळा नव्हता.

गेल्या साली नवरात्राच्या तोंडावर जनीला ताप आला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी जनी नाही. दहाव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घातला. त्या गडबडीत कोणाच्या काही डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते आता, वर्ष व्हायला वीस दिवस उरले तेव्हा. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षाला गावच्या नाक्यावर बॅनर लागतो, त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, आणि येणारा-जाणारा त्या फोटोला बघून एकदा तरी थांबतो. गाव तर आधीच मापं घेऊन बसलं होतं. जो लोकांच्या आयांना दहा बाय पंधराचं लावतो तो स्वतःच्या आईला केवढं लावेल? कोणी म्हणे वीस फूट, कोणी म्हणे अख्खा नाका झाकणार.

दीपेशनं ती फाइल उघडली. हिरवी साडी आली. जांभळा काठ आला. जोडलेले हात आले. आणि गळ्याच्या वर करड्या-पांढऱ्या बारीक चौकटी. कॉम्प्युटरात जिथं काहीच नसतं तिथं तशा चौकटी दिसतात. शिंप्याच्या दुकानातल्या उरलेल्या कापडासारख्या.

मग त्यानं सगळं हुडकलं. जुन्या सीड्या, पेनड्राइव्ह, बंद पडलेले मोबाइल. लग्नाच्या फोटोग्राफरनं कॉम्प्युटर दोनदा बदलला होता. बहिणीच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच होते, पानापानावर, ढगांतून येणारे नि हृदयातून जाणारे. मग त्यानं नातेवाइकांना निरोप धाडले, ज्याच्याकडे आईचा कसलाही फोटो असेल त्यानं पाठवा. आले की. एकात आईचं कोपर. एकात पाठ आणि अंबाड्यातली अबोलीची वेणी. एकात नुसता कान. एका फोटोत ती अख्खी उभी होती, फक्त तिच्यापुढे दाजी नाचत होते. बहिणीचा नवरा हो. स्वतःच्याच लग्नात नाचला आणि सासूला झाकून गेला.

राहिलं आधार कार्ड. दीपेशनं ते दहा फुटांवर नेलं. एवढं मोठं केल्यावर तोंड राहतच नाही, नुसते ठिपके होतात, तांबडे, काळे, पिवळट. जवळून बघितलं तर रांगोळी, लांबून बघितलं तर आई, तीसुद्धा चोरी करताना धरल्यासारखी. मग कोणीतरी सांगितलं, हल्ली एक ॲप आहे, कसलाही फोटो सुधारून देतं. त्यानं ते ॲप लावलं. दोन मिनिटांत एक बाई हसत बाहेर आली. गोरी, गालावर तकाकी, बत्तीस दात जाहिरातीतले. जनीचे दात मशेरीनं काळपट होते आणि वरचा एक नव्हताच.

दीपेशची बायको मनिषा डबा घेऊन आली होती. तिनं पडद्याकडे बघितलं.

‘‘कोण ही? देखणी हाय,’’ म्हणाली. ‘‘पण आपल्याकडे कधी आल्याचं आठवत नाय.’’

दीपेशनं ती बाई पुसून टाकली आणि जेवला नाही.

त्याच आठवड्यात निशा दुकानात आली. ही नाशिककडची मुलगी, मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात शिकते, विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. केस एका बाजूला निळे. महिनाभर ती चौकाचौकांत बॅनरचे फोटो काढत हिंडत होती आणि सगळ्या बॅनरच्या कोपऱ्यात एकच फोन नंबर सापडला म्हणून शोधत आली.

‘‘दादा, हे सगळं तुम्ही करता?’’

‘‘का? कोणाचं नाव चुकलंय का?’’ दीपेशला वाटलं तक्रार आहे.

‘‘नाही हो. मला अभ्यासाला हवंय. परदेशात साठ-सत्तर वर्षांपूर्वी काही चित्रकारांनी दुकानातल्या डब्यांची, बाटल्यांची, नट्यांच्या चेहऱ्यांची चित्रं केली. तेच तेच, ओळीनं, नुसते रंग बदलून. त्याला पॉप आर्ट म्हणतात. म्हणजे बघा, माणसाचाही माल होऊन तो फळीवर लागला की कसा दिसेल.’’

‘‘आमच्याकडे त्याला ऑर्डर म्हणतात,’’ दीपेश म्हणाला.

निशा खूप हसली. मग तिनं त्याच्याकडून बायकांचे सगळे जुने बॅनर मागून घेतले, आणि चार दिवसांनी एक मोठा कागद गुंडाळून घेऊन आली. भिंतीला चिकटवून दाखवला. चोवीस बायका. सहा ओळी, ओळीत चार. भगवी, निळी, गुलाबी, हिरवी, पिवळी साडी. चोवीस तोंडं आणि खाली एकच अंग, चोवीस वेळा हात जोडून.

‘‘तुमच्या लक्षात आलं होतं का, दादा? ही सगळीकडे एकच बाई आहे. तोंडं येतात नि जातात, ही हलत नाही. आणि हे बघा, सगळ्यांची करंगळी वाकडी. मला वेड लागलंय या करंगळीचं. कोण आहे ही?’’

दीपेशनं माऊस उचलला, खाली ठेवला.

‘‘नेटवर मिळतात तसले फोटो,’’ म्हणाला. ‘‘कोणीतरी असेल.’’

निशा गेली. कागद भिंतीवर राहिला. स्वतःच्या तोंडून ‘कोणीतरी असेल’ ऐकल्यावर माणसाला काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या दुपारी दीपेशनं चार गिऱ्हाइकं परत पाठवली. त्यातल्या एकाच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता, म्हणजे बघा.

वर्षाला आठ दिवस राहिले असताना कमळाबाई आल्या. कमळाबाई आणि जनी एकाच माहेरच्या, उरणकडच्या खाडीकाठच्या, आणि दोघी विचुंब्यालाच दिलेल्या. जन्मभर भांडल्या आणि एक दिवस एकमेकींवाचून राहिल्या नाहीत. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून.

‘‘दीपू, माझा वाढदिवसाचा बॅनर कर.’’

‘‘मावशी, वाढदिवस कधी असतो तुझा?’’

‘‘आधारावर एक जून हाय.’’ अर्धा गाव एक जूनलाच जन्मलाय, लिहिणाऱ्याच्या सोयीनं. ‘‘पन जूनपर्यंत मी थांबते का नाय, कोनाला म्हाईत. तू म्होरल्या मंगळवारी लाव. मी कवा जन्मले ते बघायला कोन आला व्हता?’’

‘‘एवढी घाई कशाला?’’

‘‘मेल्यावर लावशीलच ना? मग तो मी कसा बघनार? जनीनं बघला का तिचा?’’

कमळाबाई बसायला स्टूल ओढायला वळल्या आणि भिंतीवरच्या कागदाशी थांबल्या. चष्मा पदरानं पुसला, परत घातला. नाक कागदाला लागेल एवढ्या जवळ गेल्या. चोवीस नामवंत बायकांच्या तोंडांकडे त्यांनी ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

‘‘दीपू, ही जनी हाय ना?’’

दीपेश पडद्याकडेच बघत राहिला.

‘‘अरे मी काय विचारते? ही करंगळी जनीची हाय.’’

‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘नाय कळंल? मीच मोडलीय ती.’’ कमळाबाई स्टुलावर बसल्या. ‘‘आमी दोघी धा-अकराच्या व्हतो. खाडीच्या चिखलात चिंबोरीची बिळं असतात. मना हात घालायची भीती वाटं. मी जनीला बोलले, घाल तू, आत काय नाय. घातला तिनं. आत ही भाकरीएवढी चिंबोरी. नांग्यात धरली तिची करंगळी, सोडंना. पन ही वरडली नाय. वरडली तर आय येईल, चिंबोरी सुटंल. तशीच बोटाला लोंबकळत घरी घिऊन गेली. आनि रातच्याला कालवन केलं तवा मोठा नांगा माझ्या ताटात वाढला. तसली चिंबोरी मी परत खाल्ली नाय.’’

रस्त्यावरून एक टँकर गेला.

‘‘तोंड कुठं हाय तिचं?’’

मग दीपेशनं सगळं सांगितलं. ती निवडणूक, ते दोन तास, ते ‘सेव्ह’, फोनमधलं कोपर, नाचणारे दाजी, ॲपमधली देखणी बाई. निशाला काय बोललो तेही सांगितलं. ते सांगताना त्यानं खिशातला रुमाल काढून कीबोर्ड पुसायला घेतला, एकेक बटण, सावकाश.

‘‘म्हंजे तू तुझ्या आयची मान कापलीस, आनि कुठं ठेवली ते विसरलास.’’

‘‘हो.’’

‘‘आमच्या घरात कोयतासुद्दा कोन असा ठेवत नाय.’’

‘‘हो गं मावशी.’’

‘‘रडू नको. नाक पूस आधी, मग ती बटनं पूस.’’ कमळाबाई परत कागदाकडे वळल्या. ‘‘हात पन नासवलंस. एवढी गोरी कवा व्हती ती? नि गोंदन कुठं गेलं?’’

‘‘काढलं. गावठी दिसतं बोलले.’’

‘‘कोन बोलला?’’

‘‘गिऱ्हाईक.’’

कमळाबाईंनी त्या गिऱ्हाइकाच्या घराण्याबद्दल दोन शब्द काढले, ते इथं नकोत. मग बांगड्या कोपराकडे सारल्या आणि मनगट पुढे केलं. सुरकुत्यांत हिरवट-निळी तुळस होती, खाली पाच ठिपके.

‘‘आमी दोघींनी एकाच जत्रंत केलंय. एकाच बाईनं, एकाच सुईनं. आधी तिला, मग मना. घे काय घ्यायचं ते.’’

दीपेशनं स्कॅनरचं झाकण उघडलं. कमळाबाईंनी हात काचेवर ठेवायच्या आधी केस सारखे केले, पदर खांद्यावर नीट घेतला.

‘‘डोळे मिटू का उघडं ठेवू?’’

‘‘मावशी, हाताचा फोटो आहे.’’

‘‘म्हंजे काय झालं.’’

काचेखालून उजेडाची पट्टी सरकत गेली. कमळाबाई ताठ बसून राहिल्या. पट्टी परत आली आणि विझली.

त्या दुपारी दीपेशनं उलटं काम केलं. आठ वर्षं जे जे पुसलं होतं ते ते परत आणायला बसला. हातांचा गोरेपणा काढला. उन्हानं रापलेला रंग कमळाबाईंच्या हातावरून घेतला. नखांत माती घातली, मार्केटातल्या टोपलीची. अंगठ्याला विळ्याची चीर होती, ती कुठल्या अंगठ्याला हे त्याला आठवेना. कमळाबाई म्हणाल्या डाव्या. मग त्यानं मनगटावर तुळस ठेवली. जरा मोठी झाली, लहान केली. ठिपके मोजले. पाच.

आणि एका क्षणी ते हात वळले नाहीत की हलले नाहीत, पण आईचे झाले. डब्याचं झाकण उघडणारे. दीपेशनं नकळत खुर्ची मागे सरकवली, स्टुलावरून तिला पडदा दिसावा म्हणून.

वर मात्र चौकटी तशाच होत्या. करड्या, पांढऱ्या. त्या काही कोणाच्या सुईनं भरण्यासारख्या नव्हत्या.

‘‘आता माझा,’’ कमळाबाई म्हणाल्या.

‘‘तुझा कसला?’’

‘‘बॅनर रं. माझं तोंड लाव हिच्यावर.’’

‘‘मावशी, नको. मी आता कोणालाच तिच्यावर लावणार नाय.’’

‘‘कोनाला नको लावू. मना लाव. आमचा दोघींचा येक पन फोटो नाय. ती काढूनच देत नव्हती. जिती व्हती तवा बोलायची, आपन मेल्यावर काढू. तिनं तिचं काम केलंय, आता माझं तोंड घे नि कर काय ते.’’

वर्षाच्या दिवशी नाक्यावर बॅनर लागला. वीस फूट नाही, दहा बाय आठ. त्यावर दोन जोडलेले हात. रापलेले, मातीच्या नखांचे, मनगटावर तुळस, हिरवा चुडा आणि बाजूला रुसून उभी राहिलेली करंगळी. खाली ‘जनाबाई बळीराम भोपी’ आणि तारीख. बाकी काही नाही, शुभेच्छुक नाहीत, ‘समस्त ग्रामस्थ’ नाहीत, गोल तोंडांची ओळ नाही. गावानं एवढा उघडा बॅनर कधी बघितला नव्हता. बाप्ये म्हणाले, छापायचा राहिला वाटतं. बायका मात्र रस्त्यातच थांबल्या. मार्केटला जाणाऱ्या दोघींनी टोपल्या खाली ठेवल्या. एक म्हणाली, ‘‘शेंगा मापताना असाच धरायची हात.’’ दुसरी म्हणाली, ‘‘आनि वर एक मूठ जास्त टाकायची, ती याच करंगळीनं ढकलून.’’

दुपारी पहिल्या निवडणुकीतल्या त्या बाई गाडीतून उतरल्या. आता त्या माजी. बॅनरपुढे उभ्या राहिल्या, मान वर करून.

‘‘हे हात कुठंतरी बघितल्यासारखे वाटतात,’’ म्हणाल्या. ‘‘आणि तोंड का नाही लावलं?’’

कमळाबाई शेजारीच होत्या. ‘‘तोंडाचं काय बाई,’’ म्हणाल्या, ‘‘तुमी सगळ्यांनी आठ वर्सं तुमचीच लावलीत तिला. तिचं लावायला जागा कुठं ठेवली?’’

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. चेहऱ्यावरनं काही एक सरकत गेलं, त्या स्कॅनरच्या पट्टीसारखं. त्यांनी हात जोडले. आणि उभ्या उभ्या, कोणी बघत नाही असं वाटून, स्वतःची सरळसोट करंगळी हळूच जराशी बाहेर काढली. दीपेशनं बघितलं.

मंगळवारी समोरच्या खांबावर कमळाबाईंचा बॅनर चढला. पंच्याहत्तरी की ऐंशी, ते त्यांनी लिहू दिलं नाही. वर कमळाबाई, खाली जनी, साडी हिरवी, हात रापलेले, आणि गोंदण कोणाचं ते देवीलाच माहीत. कमळाबाई रोज सकाळी देवळात जायच्या निमित्तानं नाक्यावर येऊन बघून जायच्या. पाचव्या दिवशी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काढ आता. जनीचं पाय दुखत असतील.’’

दीपेशनं शिडी घेतली आणि दोन्ही बॅनर स्वतः उतरवले. नीट गुंडाळून घरी माळ्यावर ठेवले. निशाला त्यानं फोन करून एवढंच सांगितलं, की ती बाई कोणीतरी नाही, माझी आई आहे, कागदावर नाव लिही. निशानं लिहिलं. कागद आता तिच्या कॉलेजात कुठल्याशा भिंतीवर आहे म्हणे, आणि मुलं समोर उभी राहून करंगळ्या मोजतात.

ती फाइल त्यानं बंद केली. आता कोणी बाई आली की तो उठतो, तिला दारात उजेडाला उभी करतो आणि तिचेच हात जोडायला लावून फोटो काढतो. निम्म्या जणी पदर ओढतात. मग तो म्हणतो, ‘‘काढू दे वहिनी, एक काढू दे.’’ असं म्हणतो की त्या पदर सोडतात.

पण वारा कोंडता येतो का? आठ वर्षांत ते अंग कुठल्या कुठं गेलंय. इतर दुकानवाल्यांनी त्याच्या बॅनरवरून उचललं, त्यांच्याकडून आणखी कोणी. परवा दीपेश बाइकवरून द्रोणागिरीला माल पोचवायला चालला होता. कंटेनरच्या रांगा, धूळ, आणि एका वळणावर विजेच्या खांबाला बॅनर. गुलाबी साडीतली कोणी ताई, बिनविरोध निवडीबद्दल अभिनंदन. तोंड अनोळखी. छपाई दुसऱ्याची. हात गोरेपान, गोंदण नाही, नखं धुतलेली. करंगळी वाकडी.

त्यानं बाइक कडेला घेतली. हेल्मेट काढलं. गळ्याखाली आई होती आणि गळ्याच्या वर बघायला त्याची मान काही उचलेना, म्हणून तो हातांकडेच बघत उभा राहिला. जेवायची वेळ झाली होती. मनिषानं दिलेला डबा पिशवीत होता.

‘‘आज इथं उभी आहेस होय,’’ तो म्हणाला. ‘‘कळंबोलीत एक आहेस. करंजाड्याला परवाच काढली. उलव्याला एक आहेस असं ऐकलं, अजून बघितली नाय.’’

मागून कंटेनर गेला. वाऱ्यानं बॅनर पोटात फुगला, हात थोडे पुढे आले, मागे गेले. दीपेशनं डबा उघडला आणि तिथंच, कठड्यावर बसून, तिच्याकडे तोंड करून जेवला.